दादरच्या चर्चमधलं आभाळ

दादरच्या गोखले रोडवरचं ‘पोर्तुगीज चर्च’ बहुतेकांना ठाऊक असतं ते पत्ता सांगायची खूण म्हणून. मान वर करून ती इमारत पाहणारे थोडे, आणि आत जाणारे त्याहून थोडे. खरं तर स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत फार विचारपूर्वक उभ्या राहिलेल्या वास्तूंपैकी ही एक आहे.

इथला धर्मग्राम (पॅरिश) जुना आहे. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी 1596 साली इथे ‘नोस्सा सेन्योरा दा साल्वासांव’, म्हणजे तारणमातेचं चर्च बांधलं. पुढे मुंबईचं बेट इंग्रजांकडे गेलं. 1720 मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हटवून चर्च कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवली. 1794 मध्ये मुंबईतल्या चर्चची दोन धर्मसत्तांत वाटणी झाली आणि साल्वासांव पुन्हा पोर्तुगीजांच्या पाद्रोआदोकडे, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालच्या धर्मसत्तेकडे आलं. शहरातली ही दुहेरी सत्ता 1928 पर्यंत टिकली. एवढ्या ओढाताणीत धर्मग्राम टिकला तो भाविकांमुळे.

आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1974 ते 1977 या काळातली. सवयीच्या चर्चमध्ये दारातून शिरलं की नजर सरळ वेदीवर जाते. इथे तसं होत नाही. आतल्या जागा आणि उघडी अंगणं एकमेकांत गुंफलेली आहेत. छताखालून चालताना मध्येच ऊन अंगावर येतं, परत सावली लागते. येशूच्या जीवनातले टप्पे, म्हणजे बाप्तिस्मा, लोकांमधली शिकवण आणि शेवटचं बलिदान, कोरियांनी या जागांच्या क्रमात मांडले. ती कथा भिंतीवरच्या चित्रांत पाहून संपत नाही, चालत चालत अनुभवावी लागते. हे मला या वास्तूचं सर्वांत मोठं यश वाटतं.

वर काँक्रीटची उंच, निमुळती होत जाणारी कवचं आहेत. दिसायला ती शिल्पासारखी, पण त्यांना कामही आहे. तापलेली हवा वर चढते, कवचाच्या माथ्यावरून निघून जाते आणि तिच्या जागी अंगणातली हवा आत ओढली जाते. धुराड्याचं साधं तत्त्व! मुंबईच्या दमट उकाड्यात शेकडो माणसं मिस्सेला बसतात, तेव्हा या रचनेची किंमत कळते. उजेडही वरूनच उतरतो. एम. एफ. हुसेन यांची काचेवरची कलाकृती इथे आहे. जन्माने मुसलमान चित्रकाराने कॅथलिक चर्चसाठी काम करावं, यात मला या शहराचा मोठेपणा दिसतो.

काळही अनुकूल होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली, धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून उभे राहू लागले. उपासना अशी मोकळी झाल्यावर वास्तूही मोकळी होणं स्वाभाविकच होतं. साबरमतीच्या गांधी संग्रहालयातही कोरियांनी खोल्यांइतकंच महत्त्व उघड्या जागांना दिलं होतं. दादरमध्ये तोच विचार गजबजलेल्या रस्त्याला लागून, लहानशा जागेत उतरला, म्हणून तो जास्त अवघड होता.

रस्त्यावरून ही इमारत फारशी मोहवत नाही, हे मान्य. राखाडी काँक्रीट पावसाने काळवंडतं आणि डौलदार दर्शनी भाग शोधणारा निराश होतो. तिचं सौंदर्य आतून बाहेरच्या दिशेला आहे. म्हणून शिवाजी पार्ककडे जाता-येता, मिस्सा चालू नसेल अशा वेळी आत जा, शांतपणे अंगणांतून फिरा आणि कवचांखाली थांबून वर पाहा.