माधव जूलियन : मोकळें मन आणि वृत्ताची शिस्त

‘मोकळें मन’ हा शब्द सुशिक्षितांच्या घरांत फार सैलपणें वापरला जातो. मुलानें नव्या तऱ्हेचा पोषाख केला, सुनेनें नव्या धर्तीची कादंबरी वाचली, ताटांत चार परमुलखांतले पदार्थ येऊं लागले, कीं आपलें मन मोकळें झालें असें आपण समजतों. परंतु नवें आवडणें आणि नव्यामुळें स्वतः बदलणें यांत मोठें अंतर आहे. पहिल्याला पैसा आणि हौस पुरते. दुसऱ्याला श्रम लागतात, आणि ते श्रम बहुधा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत. मराठी काव्यांत या दुसऱ्या प्रकारच्या मोकळेपणाचें उदाहरण म्हणून मला माधव जूलियन यांचें नांव घ्यावेंसें वाटतें. आणि तें घेतांना त्यांच्याविषयीं वर्गावर्गांतून जी एक सोपी हकीकत सांगितली जाते, ती तपासून पाहणें प्राप्त होतें.

ती हकीकत अशी : कवि तरुण होता तेव्हां त्याचें मन उदार होतें; त्यानें गज्जल आणली, रुबाई आणली, प्रेमाची भाषा निर्भीडपणें बोलून दाखविली, आणि कवितेंत फारसी शब्दांची लयलूट केली. पुढें वय वाढलें, भाषाशुद्धीचा ध्यास लागला, आणि ज्या दारांतून एवढे पाहुणे आंत घेतले तींच दारें त्यानें स्वतःच्या हातांनीं लावून घेतलीं. हकीकत आटोपशीर आहे, उत्तरपत्रिकेंत चांगली शोभते. पण ती अर्धीच खरी आहे. तिच्यांत या कवीचे शब्द दिसतात, त्याचा कान दिसत नाहीं.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म १८९४ सालीं बडोद्यास झाला. इंग्रजी आणि फारसी या भाषा घेऊन ते एम्. ए. झाले, आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ निघालें. यशवंत, गिरीश, वि. द. घाटे या मंडळींबरोबर तेही त्यांत होते. ‘विरहतरंग’ १९२६ चें, ‘सुधारक’ १९२८ चें, ‘गज्जलांजलि’ १९३३ ची. अत्रे यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ या संग्रहांत या मंडळाची यथेच्छ थट्टा केली, आणि ती थट्टा पुष्कळ अंशीं रास्तच होती. पण विडंबनाची एक गंमत आहे : तें करावयाचें तर मूळ कवितेचें वृत्त राखावें लागतें. शब्दांवर हंसणारा मनुष्य हंसतां हंसतां कवीच्याच तालावर पाऊल टाकीत असतो. लोकांना खटकले ते शब्द. ताल मात्र कोणाच्या लक्षांत न येतां घरांत शिरला.

या तालाचें प्रकरण थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. फारसी छंदःशास्त्रांत ‘मुतकारिब’ नांवाचें एक वृत्त आहे. त्याचा मूळ घटक ‘फऊलुन्’. म्हणजे एक लघु आणि त्यापुढें दोन गुरु. हा घटक चार वेळां आला कीं चरण पुरा होतो. आपल्या पिंगलाच्या परिभाषेंत हाच ‘य’ गण, आणि चार यगणांचें वृत्त म्हणजे आपलें भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, ते याच वृत्तांत. आणि फिरदौसीचें ‘शाहनामा’ हें प्रचंड काव्य आहे मुतकारिबांतच, फक्त चरणाचें शेवटचें एक अक्षर कमी करून. ज्या लयीवर इराणचे राजे आणि वीर गाइले गेले, जवळजवळ त्याच लयीवर महाराष्ट्रांतलें मूल तिन्हीसांजा देवापुढें बसून मनाला उपदेश करीत आलें आहे. तसाच ‘फाइलुन्’ हा घटक म्हणजे आपला ‘र’ गण, आणि तो चार वेळां घेतला कीं आपली स्रग्विणी तयार होते. कोणी कोणापासून उचललें, हा येथें प्रश्नच नाहीं. मनुष्याच्या कानाला ज्या थोड्या चाली स्वभावतःच गोड लागतात, त्या दोन दूरच्या भाषांनीं आपापल्या परीनें शोधून काढल्या, एवढाच त्याचा अर्थ.

जो केवळ हौशी असतो त्याला परकी वस्तु परकी आहे म्हणूनच आवडते. ती आपल्या घरांतलीच निघाली तर त्याचा हिरमोड होतो. पटवर्धनांचा झाला नाहीं. साम्य आढळलें तेथें त्यांनीं तें मान्य केलें, आणि आढळलें नाहीं तेथें नवें घडविलें. ‘हजज’ वृत्ताचा घटक लगागागा. तो चार वेळां घेऊन होणारें तें वियद्गंगा. ‘रमल’ वृत्ताचा घटक गालगागा. तो चार वेळां घेतला तर व्योमगंगा. हीं नांवें आजही मराठी गझल लिहिणाऱ्यांच्या तोंडीं आहेत. यांतली खरी अडचण नांवांची नव्हती, उच्चारांची होती. फारसींत कांहीं अक्षरें कवीच्या सोयीप्रमाणें लांबवितां किंवा आंखडतां येतात. मराठींत ऱ्हस्व तें ऱ्हस्व आणि दीर्घ तें दीर्घ. त्या भाषेंत जें डौलानें वाकतें तें या भाषेंत मोडतें. नुसतें अनुकरण अशा ठिकाणीं थांबतें, आणि येथूनच कल्पकतेचें काम सुरू होतें.

या कामाचा ग्रंथ म्हणजे ‘छंदोरचना’. पहिली आवृत्ति १९२७ ची. सामान्य मनुष्य येथें समाधान मानून स्वस्थ बसला असता. पटवर्धनांनीं दहा वर्षांनीं, १९३७ सालीं, तीच पुस्तकी सामग्री पुन्हा घुसळून, सुधारून आणि वाढवून बाहेर काढली. आणि १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें याच ग्रंथासाठीं त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी विषयांतील ही पहिलीच डी. लिट्. अक्षरसंख्येवर चालणारा छंद, मात्रांवर चालणारी जाति आणि लघुगुरूंच्या ठराविक क्रमाचें वृत्त, या तिन्ही घरांची त्यांनीं नीट वांटणी लावली. ओवी आणि अभंग यांना शास्त्रीबुवांच्या पंक्तीस मानाचें पान मिळालें, तें बऱ्याच अंशीं या पुस्तकामुळें. आम्हां अध्यापकांच्या धंद्यांत एक जुना रोग आहे : नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत काढलेलीं टिपणें निवृत्तीपर्यंत पिवळीं होत जातात, आणि विद्यार्थी मात्र दर वर्षीं नवे येतात. एका प्राध्यापकानें पोटासाठीं फारसी शिकवितां शिकवितां १९२५ सालीं फारसी-मराठी कोश रचावा, आणि स्वतःच्या छापील ग्रंथाला दहा वर्षांनीं कच्चा खर्डा समजावें, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही प्रेमकवितेपेक्षां मला अधिक धीट वाटते.

म्हणून त्यांचें सर्वच चांगलें म्हणावें असें नाहीं. गज्जलेच्या बाबतींत त्यांचें मन एका ठिकाणीं अडलें, आणि तें कोठें अडलें हें पाहणें बोधप्रद आहे. फारसी गज्जलेंत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. काफिया आणि रदीफ यांचा दोरा सारखा. परंतु मणी निरनिराळे. एका शेरांत विरह, दुसऱ्यांत उपहास, तिसऱ्यांत वैराग्य, असें सुखानें चालतें. ‘गज्जलांजली’तील पुष्कळशा रचना अशा नाहींत. त्यांत एकच भावना आरंभापासून शेवटपर्यंत वाहत जाते. बाह्य रूप गज्जलेचें आणि आंतला जीव इंग्रजी भावगीताचा. कारण उघड आहे. या पिढीच्या काव्याभिरुचीचा पिंड इंग्रजी कवींवर पोसला होता, आणि एका कवितेंत एकच भाव असावा ही समजूत इतकी अंगीं मुरली होती कीं ती समजूत आहे हेंच ध्यानांत येत नसे. आपलें मन जुन्या रूढीसाठीं बंद असतें असें आपण समजतों; तें कित्येकदां आधीच्या प्रेमासाठीं बंद असतें. शेराचें स्वातंत्र्य मराठींत खऱ्या अर्थानें रुजविलें तें सुरेश भट यांनीं. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चें आणि ‘एल्गार’ १९८३ चें. हे दोन संग्रह ‘गज्जलांजली’शेजारीं ठेवून वाचावे म्हणजे हा फरक विनासायास कळेल. मात्र भटांना मराठी श्रोत्यांचा जो कान तयार मिळाला, त्याच्या मशागतीचें बरेंचसें श्रेय चाळीस वर्षांपूर्वींच्या या प्राध्यापकाकडे जातें.

आतां भाषाशुद्धि. १९३६ सालीं जळगांवच्या साहित्यसंमेलनाचे पटवर्धन अध्यक्ष होते, आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ हें त्यांचें पुस्तक १९३८ चें. ज्यानें फारसीचा कोश केला त्यानेंच फारसी शब्दांस निरोप द्यावा, हें पाहून त्या काळचे लोक चकित झाले असल्यास नवल नाहीं. तथापि येथें एकदम निवाडा देऊन मोकळें होणें बरें नव्हे. कवीनें स्वतःवर घातलेलें बंधन हें नेहमींच मनाचें आंखडणें नसतें. वृत्त हेंही एक बंधनच; त्यानेंच तर शब्दाला वळसा घ्यावयास लावून नवी वाट सांपडवून दिली. रूढ शब्द वर्ज्य केला कीं नवा घडवावा लागतो. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे सावरकरांनीं दिलेले शब्द आज कोणालाही ओढून आणलेले वाटत नाहींत. एवढ्यापुरती ही चळवळ निर्मितीचीच होती, आणि तिच्याकडे केवळ संकुचितपणा म्हणून बोट दाखविणाऱ्यांनीं रोजच्या वर्तमानपत्रांतले किती शब्द तिच्या कारखान्यांतले आहेत हें मोजून पाहावें.

माझा आक्षेप निराळा आहे. वृत्तांच्या बाबतींत पटवर्धनांनीं जें सिद्ध केलें तें शब्दांच्या बाबतींत ते विसरले. लय पारखतांना त्यांनीं तिचें कूळ विचारलें नाहीं. कान काय म्हणतो तें विचारलें. फऊलुन् कानाला मानवला, म्हणून तो यगणाच्या शेजारीं बसला. मग शब्दालाच वंशावळ कां विचारावी? हवा, जमीन, बाजार, दुकान, वकील, शाई : हे शब्द कोणत्या वाटेनें आले हें कोशकाराला ठाऊक असावें, पण चुलीपाशीं बसलेल्या आजीबाईंना ते माहेरचेच वाटतात, आणि भाषेच्या दरबारांत आजीबाईंची साक्ष कोशापेक्षां वजनदार असते. शब्द कवितेंत चपखल बसतो कीं नाहीं, ही एकच परीक्षा त्यांनीं तेथेंही लावली असती, तर त्यांच्या आरंभींच्या कवितेंतले कित्येक फारसी शब्द तरीही गळालेच असते; कारण ते तेथें नुसते नटून उभे होते. परंतु ते अपात्र म्हणून गेले असते, परके म्हणून नव्हे. हा भेद लहान नाहीं. घरांत नोकर ठेवतांना, मुलीसाठीं स्थळ पाहतांना, कचेरींत हाताखालचा मनुष्य निवडतांना आपण याच दोन परीक्षांपैकीं कोणती तरी एक लावीत असतों.

तेव्हां तरुणपणीं उघडें आणि उतारवयांत बंद, असा या मनाचा नकाशा काढतां येत नाहीं. त्याचीं कांहीं दारें मिटत असतांना दुसरीं उघडत होतीं. याचा सर्वांत चांगला पुरावा उमर खय्यामचा आहे. पटवर्धनांनीं खय्याम मराठींत एकदां नव्हे, तीनदां आणला. १९२९ च्या ‘रुबाया’ मूळ फारसीवरून केलेल्या; १९३१ ची ‘द्राक्षकन्या’ फिट्झजेराल्डच्या इंग्रजी काव्यावरून; आणि तिसरी ‘मधुलहरी’. हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. मूळ भाषा येत असतां आणि मुळावरून भाषांतर करून झालेलें असतां, पुन्हा इंग्रजीकडे वळण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें, कीं तीं दोन काव्यें एक नव्हेतच. फारसी हस्तलिखितांत रुबाया यमकाच्या शेवटच्या अक्षराच्या वर्णानुक्रमानें लावलेल्या असतात; प्रत्येक आपापल्या जागीं एकटी. फिट्झजेराल्डनें त्यांतून निवड केली, मोडतोड केली, आणि पहांटेपासून चंद्रोदयापर्यंत एक दिवस रचला. मूळ जाणणाऱ्या पंडितानें या स्वैरपणावर नाक मुरडावें हें स्वाभाविक होतें. पटवर्धनांनीं त्या स्वैरपणालाही स्वतंत्र काव्य मानून त्याची मराठी वेगळी केली. विद्वत्ता अंगीं असूनही विद्वत्तेच्या अभिमानाला बाजूस सारणें यापेक्षां कठीण कांहीं नसेल.

फिट्झजेराल्डचीही रीत हीच होती. त्याला फारसीची गोडी लावली कॉवेल या मित्रानें. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांतील १५८ रुबायांचें हस्तलिखित कॉवेलनेंच शोधून त्याच्या हातीं दिलें, आणि पुढें कलकत्त्यास प्राध्यापक म्हणून आल्यावर तेथल्या एशियाटिक सोसायटींतल्या दुसऱ्या हस्तलिखिताची नक्कल धाडली. १८५९ सालीं ७५ रुबायांचें चोपडें निघालें. १८६८ सालीं ११० झाल्या, १८७२ सालीं १०१. १८७९ सालीं पुन्हा आवृत्ति निघाली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८८९ सालीं पांचवी. प्रत्येक वेळीं शब्द हलले, ओळी हलल्या, आणि वाचकांत अजून वाद आहे कीं पहिलीच गोड कीं शेवटची.

पटवर्धन १९३९ च्या नोव्हेंबरांत वारले, आणि ‘मधुलहरी’ १९४० सालीं प्रसिद्ध झाली. तिन्ही पुस्तकें एकत्र मिळणें आज सोपें नाहीं; जुन्या ग्रंथसंग्रहालयांतून हुडकावीं लागतात. ज्यांना मिळतील त्यांनीं ‘द्राक्षकन्ये’पासून सुरुवात करावी, कारण तिच्यांत कथेसारखा ओघ आहे, मग ‘रुबाया’ घ्याव्या, आणि ‘मधुलहरी’ शेवटीं, शक्य तर मोठ्यानें म्हणून.