सहनिवासाची प्रणयकथा : घर आणि कथानक

नोकरीच्या निमित्ताने महानगरात आलेल्या दोन-चार तरुणी एका बिऱ्हाडात राहतात, भाडे वाटून घेतात, एकमेकींचे कपडे वापरतात आणि अखेरीस एकेक करून विवाहाच्या वाटेने त्या बिऱ्हाडातून बाहेर पडतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्रजी व अमेरिकन रंजनप्रधान प्रणयकथेचे एक रूढ संविधानक होय. या कथाप्रकाराची समीक्षकांनी केलेली उपेक्षा बहुधा त्याच्या गोड शेवटावर बोट ठेवून केलेली असते. वस्तुतः त्याचे वैगुण्य शेवटात नसून रचनेत आहे. कथेचे चैतन्य घरात असते, कथानकाची ओढ मात्र घराबाहेर असते. सहनिवासाला स्वतंत्र अर्थ आहे असे एकदा मान्य केले, की विवाह ही त्याची परिपूर्ती न ठरता त्याचा अंत ठरतो. आणि ही गोष्ट प्रणयकथेला परवडणारी नसते.

या संविधानकाचे निर्भेळ रूप १९५३ च्या ‘हाऊ टु मॅरी अ मिलियनेअर’ या चित्रपटात आढळते. श्रीमंत वर मिळविण्याच्या हेतूने तिघी तरुणी न्यूयॉर्कमधील एक आलिशान घर भाड्याने घेतात आणि खर्च भागविण्यासाठी गैरहजर मालकाचे सामान विकत राहतात. विनोदासाठी योजिलेल्या या प्रसंगात या कथाप्रकाराची सारी भूमिका सामावली आहे. घर हे राहण्यासाठी नव्हे, तर खर्ची घालण्यासाठी आहे. ते रिकामे झाले तरी खंत नाही, कारण तेथे कोणालाच थांबावयाचे नाही.

रोना जॅफी यांच्या ‘द बेस्ट ऑफ एव्हरिथिंग’ (१९५८) या कादंबरीत हीच सामग्री अधिक गंभीरपणे हाताळली आहे. वाग्दत्त वराने दुसरीशी विवाह केल्यामुळे दुखावलेली कॅरोलाइन एका प्रकाशनसंस्थेत टंकलेखिका म्हणून येते आणि पुढे संपादिका होते. तिच्याबरोबर राहणारी ग्रेग ही अभिनेत्री एका रंगकर्मीच्या ध्यासाने झुरत जाते आणि अपघातात मरण पावते. जॅफींचे सामर्थ्य नोकरी, पगार आणि अपमान यांच्या रोखठोक चित्रणात आहे. परंतु सहनिवासाकडे त्यांनी पुरेसे पाहिलेले नाही. ग्रेगचा नाश तिच्या सोबतिणीच्या डोळ्यांदेखत घडत असतो. तरीही एका छपराखाली राहणाऱ्या स्त्रीचे दुसरीप्रती नेमके उत्तरदायित्व कोणते, हा प्रश्न कादंबरी उपस्थित करून तसाच सोडते. प्रत्येकीचे दुःख हे तिच्या तिच्या पुरुषाशी बांधलेले राहते.

हा प्रश्न केंद्रस्थानी आणण्याचे कार्य म्युरिएल स्पार्क यांच्या ‘द गर्ल्स ऑफ स्लेन्डर मीन्स’ (१९६३) या छोटेखानी कादंबरीने केले. स्पार्क स्वतः १९४४ मध्ये लंडनच्या हेलेना क्लब या तरुणींच्या वसतिगृहात राहिल्या होत्या. त्यांचा कल्पित ‘मे ऑफ टेक क्लब’ १९४५ च्या उन्हाळ्यातील आहे. अन्नवस्त्रांवर नियंत्रण आहे, आणि क्लबमधील व्यवहार कपड्यांची कुपने व साबण यांच्या देवघेवीवर चालतो. अ‍ॅन हिच्या मालकीचा स्कियापरेलीने घडविलेला एक उंची पोशाख आळीपाळीने अनेकींच्या अंगावर चढतो. येथवर सारे प्रणयकथेच्या परिचित वळणाने जाते. वाचक स्मित करतो आणि कोणाचे लग्न कोणाशी होणार याचा अंदाज बांधू लागतो.

स्पार्क यांनी या अपेक्षेलाच कलाटणी दिली आहे. वरच्या मजल्यावरील एका चिंचोळ्या खिडकीतून केवळ सडपातळ मुलींनाच छपरावर जाता येते. बागेतील न फुटलेला बॉम्ब फुटून आग लागते, जिना नष्ट होतो, आणि सुटकेचा हाच एक तातडीचा मार्ग उरतो. प्रणयकथेत कृश व सुंदर नायिका घरातून प्रथम बाहेर पडते, हा संकेत येथे शब्दशः खरा होतो आणि त्यामुळेच भयंकर वाटू लागतो. रूपवती सेलिना सुटते. पुन्हा त्याच खिडकीतून आत शिरते. ती कोणा मैत्रिणीसाठी नव्हे, तर त्या पोशाखासाठी. अग्निशामक दल छपराचा बुजविलेला झरोका फोडीत असताना आत अडकलेली जोअ‍ॅना स्तोत्रे म्हणत राहते आणि घर कोसळताना त्यात नाहीशी होते. सामायिक वस्तू वाचली, सहनिवासिनी गेली. एकत्र राहणे म्हणजे वस्तू वाटून घेणे की परस्परांचा भार वाहणे, याचा निवाडा लेखिका भाष्याने करीत नाही, एका कृतीने करते.

या कादंबरीवर एक आक्षेप घेता येईल. सेलिनाच्या कृतीतील दुष्टत्व वाचकाला जाणवते ते मुख्यतः निकोलस या पुरुषाच्या दृष्टीतून. त्या दृश्याने त्याच्या जीवनाला धर्माची दिशा मिळते. सेलिनाला काय वाटले, हे मात्र अंधारात राहते. स्त्रियांच्या घरातील अनर्थ पुरुषाच्या आत्मिक परिवर्तनाचे साधन व्हावा, ही तक्रार निराधार नाही. तथापि कादंबरीची चौकट तिला काही अंशी उत्तर देते. निकोलसच्या मृत्यूची वार्ता वर्षांनंतर जेन ही जुनी रहिवासी आपल्या एकेकाळच्या सोबतिणींना दूरध्वनीवरून कळविते. घर जमीनदोस्त झाले, बहुतेकींची आयुष्ये वेगळ्या वाटांनी गेली. तरी काय घडले हे एकमेकींना सांगण्याची सवय टिकून आहे.

रंजनप्रधान प्रणयकथा जेथे थांबते त्याच्या पलीकडची ही जागा आहे. दार ओलांडलेल्या स्त्रिया पुढे एकमेकींच्या कोण लागतात, हे तिने कधी विचारलेले नसते. म्हणून या कथाप्रकाराचे मूल्यमापन करताना शेवटी विवाह झाला की नाही, ही कसोटी अपुरी ठरते. सामायिक घराला कथेने केवळ प्रतीक्षागृह मानले की माणसांची पारख होण्याचे स्थळ मानले, हे पाहणे अधिक फलदायी होईल. जॅफी त्या उंबरठ्यापर्यंत पोचल्या. स्पार्क यांनी तो ओलांडला, आणि तोही बाहेरच्या नव्हे, आतल्या दिशेने.