राजदूताची पत्नी की रंगभूमीवरील नटी?

एखाद्या गुणी नटीला प्रतिष्ठित घराण्यातून मागणी यावी आणि तिने रंगभूमी सोडावी अशी अट त्या मागणीस जोडलेली असावी, म्हणजे तिने काय करावे? हा प्रश्न नाटक-कादंबऱ्यांतून पुष्कळदा येतो व त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. नायिका एक तर कलेचा त्याग करून सुगृहिणी होते, किंवा प्रेमाचा त्याग करून एकाकी राहते. दोन्ही पक्षी त्याग तिचाच! हेन्री जेम्स ह्या अमेरिकन ग्रंथकाराची 'द ट्रॅजिक म्यूझ' (१८९०) ही कादंबरी आम्हांस महत्त्वाची वाटते ती अशासाठी, की तिच्यात हा प्रश्न एकदा तरी उलटून विचारलेला आहे.

मिरिअम रूथ ही एका निर्धन विधवेची मुलगी. पॅरिसमध्ये मदाम कारे ह्या वृद्ध, नामांकित नटीसमोर ती प्रथम काही उतारे म्हणून दाखविते, तेव्हा तिची अगदी फजिती होते. पुढे ती मोठी नटी होते ती केवळ उपजत देणगीच्या बळावर नव्हे, तर अविश्रांत कष्टांनी. ह्या कष्टांचा साक्षी व साहाय्यकर्ता म्हणजे पीटर शेरिंगहॅम. पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीतील एक महत्त्वाकांक्षी अधिकारी व नाटकाचा विलक्षण शौकीन. मिरिअमची कला लंडनमध्ये बहरास आली असता त्याची मध्य अमेरिकेत बढतीच्या जागी नेमणूक होते. आणि तिच्या प्रयोगाने भारावलेला हा गृहस्थ एका रात्री तिच्या घरी जाऊन तिला मागणी घालतो. अट एकच: नाटक सोडावयाचे. राजदूताची पत्नी म्हणून तुला अधिक विशाल रंगभूमी मिळेल, असा त्याचा युक्तिवाद. मिरिअम उलट त्यालाच सुचविते, की आपणच नोकरी सोडावी, येथे राहावे आणि नटीचे यजमान व्हावे!

पीटरला ही कल्पना असह्य होते. येथेच जेम्सचे मर्मज्ञत्व दिसून येते. पीटर खल नाही. त्याचे प्रेम खरे आहे. परंतु ज्या गुणावर तो लुब्ध झाला, तोच गुण उंबरठ्याबाहेर ठेवून ये, असे तो तिला सांगत आहे, आणि ह्यातील विसंगती त्याच्या गावीही नाही. प्रेक्षागृहातील खुर्चीवर बसून कलेची पूजा करणे सोपे. तिच्यासाठी स्वतःची प्रतिष्ठा पणास लावण्याची वेळ आली, म्हणजे रसिकतेची परीक्षा होते. त्या परीक्षेत हा रसिकाग्रणी नापास होतो.

तथापि ह्या कादंबरीत एक मोठे न्यून आहे. मिरिअमच्या मनात लेखक शिरतच नाही. हे आपण बुद्ध्याच टाळले, असे त्याने १९०८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. चित्रकलेसाठी पार्लमेंटातील जागा सोडणाऱ्या निक डॉर्मरची घालमेल आपणांस सविस्तर वाचावयास मिळते. परंतु मागणी नाकारल्यानंतर मिरिअमची रात्र कशी गेली, हे कळत नाही. पीटर पुन्हा लंडनला येतो तेव्हा ती जूलिएटची भूमिका करीत असते, आणि बॅझिल डॅशवुड ह्या व्यवहारदक्ष सहनटाशी तिचा नुकताच विवाह झालेला असतो. कलेच्याच क्षेत्रातील पती मिळाल्याने कोंडी फुटू शकते, हे खरे. आपल्याकडे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात भूमिका करणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांचे पती केशवराव हे त्याच नाटकाचे संगीतकार होते. पण मिरिअमचा विवाह प्रेमाचा की सोयीचा, तिने काही गमावले की नाही, ह्याविषयी लेखक मौन धरतो. खंबीरपणे निवड करणाऱ्या स्त्रीला त्या निवडीचे दुःख होतच नसेल असे भासविणे, हाही तिच्यावर एक प्रकारचा अन्यायच होय.

हे न्यून जमेस धरूनही, मिरिअमच्या त्या एका प्रतिप्रश्नासाठी ही कादंबरी वाचनीय आहे. सुशिक्षित घरांतील मुलींनी ती वाचावीच. पण मागणी घालावयास निघालेल्या मुलांनी, आणि त्यांच्या वडीलमंडळींनीही, ती अधिक लक्षपूर्वक वाचावी.