अर्धं करा म्हणजे झालं?

माझ्या पहिल्या पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये आठ महिने एक वाक्य होतं: लेसरची लाइनविड्थ ५ किलोहर्ट्झ आहे. मोजलं मीच, ग्राफ काढला मीच, आणि तो आकडा साफ चुकीचा होता. तुम्ही रिसर्चच्या तयारीत असाल आणि पुढे फायबर किंवा लेसरच्या लॅबमध्ये जाणार असाल, तर ही चूक तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे. कारण ही मोजणी आपण सगळे एकाच पद्धतीने शिकतो: सीनियर सांगतो, आपण करतो.

आधी अडचण काय ते बघा. १५५० नॅनोमीटरच्या लेसरचा रंग किती 'शुद्ध' आहे हे ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर दिसत नाही. त्याचं रिझोल्यूशन ०.०२ नॅनोमीटर असेल, तर फ्रिक्वेन्सीत ते २.५ गिगाहर्ट्झ होतं. आपल्याला बघायचेत १० किलोहर्ट्झ, म्हणजे त्याचा अडीच लाखावा भाग.

यावरचा तोडगा १९८० साली टोकियो विद्यापीठातल्या ओकोशी, किकुची आणि नाकायामा यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स'मध्ये दोन पानांत मांडला. लेसरची तुलना दुसऱ्या लेसरशी करायचीच नाही, त्याच्याच थोड्या जुन्या प्रकाशाशी करायची. प्रकाशाचे दोन भाग करा. एक लांब फायबरमधून फिरवून आणा, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी ॲकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटरने, समजा, ८० मेगाहर्ट्झने सरकवा आणि दोन्ही फोटोडिटेक्टरवर एकत्र करा. ८० मेगाहर्ट्झच्या आसपास जो बीट मिळतो तो साध्या आरएफ स्पेक्ट्रम ॲनालायझरवर दिसतो. उशीर पुरेसा असेल तर दोन्ही भाग एकमेकांना 'अनोळखी' झालेले असतात, त्यांच्या लोरेंझियन रुंदींची बेरीज होते, आणि दिसलेल्या रुंदीचं अर्धं केलं की लाइनविड्थ.

डिलेड सेल्फ-हेटरोडाइन ती हीच. मला ती आजही फार आवडते. महागडा रेफरन्स लेसर नको, फक्त फायबरचं एक रीळ हवं. माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. आपण तिच्यातलं शेवटचं 'अर्धं करा' तेवढं उचललं आणि त्याआधीचं 'उशीर पुरेसा असेल तर' सोडून दिलं, त्याबद्दल आहे. खरं सांगायचं तर हा पेपर मीही आधी सायट केला आणि नंतर वाचला.

पुरेसा म्हणजे किती? कोहिरन्स टाइम म्हणजे १ भागिले पाय गुणिले लाइनविड्थ. १ मेगाहर्ट्झच्या साध्या डीएफबी लेसरला तो ०.३२ मायक्रोसेकंद येतो, म्हणजे फायबरमध्ये जेमतेम ६५ मीटर. १० किलोहर्ट्झच्या लेसरला तेच अंतर साडेसहा किलोमीटर होतं, आणि उशीर याच्या कितीतरी पट जास्त हवा. आमच्या लॅबमध्ये २ किलोमीटरचं रीळ होतं. आधीच्या बॅचने त्यावर मेगाहर्ट्झवाले लेसर मोजले होते आणि ते अगदी बरोबर होते. मी त्याच सेटअपला नवा एक्स्टर्नल कॅव्हिटी लेसर जोडला. डेटाशीटवर १० किलोहर्ट्झ लिहिलं होतं. स्क्रीनवर सुंदर टोकदार शिखर आलं, रुंदी १० किलोहर्ट्झ. अर्धं केलं, ५. डेटाशीटपेक्षाही चांगला! त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

आठ महिन्यांनी प्रोग्रेस सेमिनारमध्ये कमिटीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "रिझोल्यूशन बँडविड्थ किती ठेवली होतीस?" मी म्हणालो, १० किलोहर्ट्झ. म्हणालो आणि तिथेच कळलं.

लॅबमध्ये जाऊन ती ३ किलोहर्ट्झ केली, शिखर ३ किलोहर्ट्झचं झालं. १ केली, १ झालं. मी लेसर मोजलाच नव्हता, ॲनालायझरचा फिल्टर मोजला होता. २ किलोमीटरनंतरही दोन्ही भागांची ओळख शिल्लक होती. अशा वेळी बीटच्या मधोमध एक अतिशय बारीक खिळा उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना लाटा दिसतात. दोन लाटांमधलं अंतर १ भागिले उशीर, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे १०२ किलोहर्ट्झ. या लाटा दिसल्या असत्या तर मी सावध झालो असतो. पण ग्राफ छान दिसावा म्हणून मी स्पॅन १०० किलोहर्ट्झवर आणला होता. पुरावा स्क्रीनच्या बाहेर.

मग शेजारच्या लॅबमधून २५ किलोमीटरचं रीळ उसनं आणलं. आता उशीर १२२ मायक्रोसेकंद, कोहिरन्स टाइमच्या जवळजवळ चौपट. खिळा गेला, लाटा गेल्या. वाटलं, सुटलो. पण खरी गंमत इथून पुढे आहे.

३ डीबीवर रुंदी आली ६२ किलोहर्ट्झ. अर्धं करा: ३१. शिखराजवळच्या गोंगाटाची भीती असणारे लोक २० डीबी खाली जाऊन मोजतात आणि सुमारे २०ने भागतात. तिथे रुंदी होती ३१६, म्हणजे लाइनविड्थ १६. आणि व्हॉइट फिट करून फक्त लोरेंझियन भाग वेगळा काढला तर १०. वक्र एक, लेसर एक, उत्तरं तीन. त्यातलं कुठलंही ॲबस्ट्रॅक्टमध्ये टाकलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती.

कारण असं की वक्र लोरेंझियन नव्हताच. हे तपासायला एक भागाकार पुरतो: २० डीबीची रुंदी भागिले ३ डीबीची रुंदी. शुद्ध लोरेंझियनला हे गुणोत्तर ९.९५ येतं, शुद्ध गाउसियनला २.५८. माझं आलं ५.१, म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. लेसरमध्ये हळूहळू डोलणारा वन-ओव्हर-एफ नॉइज असतो, तो शिखर पसरवतो. मर्सर यांनी १९९१ साली दाखवलं की उशीर वाढवत नेला तर या नॉइजमुळे मोजलेली रुंदीही वाढत जाते. म्हणजे रीळ लहान असेल तर खिळा आणि मोठं असेल तर फुगवटा. 'रीळ जितकं लांब तितकं उत्तर अचूक' हा सीनियर मंडळींचा दुसरा लाडका नियमही असा गळून पडतो. रिळाची लांबी हा त्या आकड्याचाच भाग आहे. ती न सांगता 'लाइनविड्थ ५ किलोहर्ट्झ' लिहिणं म्हणजे 'गाडी ४० गेली' म्हणण्यासारखं आहे. ४० काय? किलोमीटर, मिनिटं?

म्हणून पेपर वाचताना ॲबस्ट्रॅक्टमधल्या आकड्यावरून उडी मारून थेट मेथड्समध्ये जा आणि रिळाची लांबी शोधा. 'लांब फायबर वापरला' एवढंच असेल तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा. माझ्या मते नॅरो-लाइनविड्थ लेसरच्या पेपरांनी एक आकडा देण्याऐवजी फ्रिक्वेन्सी नॉइजचा पूर्ण ग्राफच द्यावा. त्याच्या सपाट भागाला पायने गुणलं की लोरेंझियन लाइनविड्थ मिळते (१० किलोहर्ट्झसाठी तो सपाट भाग सुमारे ३२०० हर्ट्झवर्ग प्रति हर्ट्झ असतो), आणि उरलेल्या नॉइजवरून ठराविक वेळेत दिसणारी रुंदी कशी काढायची याची सोपी रीत दि डोमेनिको, शिल्ट आणि थोमान यांनी २०१० साली दिली आहे. कॅलिब्रेशनची कटकट आहे, मान्य. पण एका ग्राफमधून वाचणाऱ्याला हवं ते काढता येतं.

बाकी दोन गोष्टी पटकन. आयसोलेटर नसेल आणि कुठल्यातरी कनेक्टरवरून प्रकाश लेसरमध्ये परत जात असेल, तर लाइनविड्थ वाढू शकते तशी कमीही होऊ शकते. कमी झालेली जास्त धोकादायक, कारण चांगल्या निकालावर कोणी संशय घेत नाही (माझा चहा आठवा). आणि करंट सोर्स बघा. साध्या डीएफबीची फ्रिक्वेन्सी दर मिलिअँपिअरला शेकडो मेगाहर्ट्झ सरकते. एक मायक्रोअँपिअर नॉइज असला तरी शेकडो किलोहर्ट्झ गेलेच, आणि त्यात लेसरचा काहीच दोष नाही.

माझ्या पेपरमधलं ते पाच शब्दांचं वाक्य आता चार ओळींचं झालंय. त्यात २५ किलोमीटर आहेत, रिझोल्यूशन बँडविड्थ आहे, गुणोत्तर ५.१ आहे, आणि १०च्या शेजारी ३१सुद्धा आहे. दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं आलंय की हे फार लांबलंय, एकच आकडा द्या. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोणता ते त्यांनाच विचार."

तेच उत्तर जरा सभ्य इंग्रजीत लिहून कालच पाठवलंय.