मय्यतीचा मान आणि लोकांचे शास्त्र

मय्यतीला पाणी कोण घालणार, कफन कोण बेतणार, खांदा कोण देणार, हे प्रश्न घरात मरण आले की आपोआप सुटतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत ते सोडवते. म्हणूनच या विषयावर बाहेरचा अभ्यासक बोलू लागला की आपला समाज सावध होतो. हा माणूस आपल्याला अडाणी ठरवायला आला आहे, की आपले कौतुक करून निघून जाणार आहे, अशी शंका मनात येते. या दोन्हींपेक्षा वेगळे काही करणारा ग्रंथ म्हणजे पॉल रिचर्ड्स यांचा 'इबोला : हाउ अ पीपल्स सायन्स हेल्प्ड एंड अॅन एपिडेमिक'. तो २०१६ साली लंडनच्या झेड बुक्सने काढला. त्याची दखल मराठी मुस्लिम वाचकाने घ्यायलाच हवी, असे आम्हांला वाटते.

रिचर्ड्स हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या खेड्यांत त्यांनी अनेक दशके काम केले. २०१३ च्या अखेरीस शेजारच्या गिनीत इबोलाची साथ सुरू झाली आणि ती सिएरा लिओन व लायबेरियात पसरली. तीन देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली, ११,३०० हून अधिक दगावले. गिनी आणि सिएरा लिओन या दोन्ही देशांत मुस्लिमांची बहुसंख्या आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

इबोलाचा रोगी मरतो तेव्हा त्याच्या देहात विषाणू सर्वांत जास्त असतात. म्हणजे गुसल देणारे, मिठी मारून रडणारे, कपडे धुणारे, म्हणजेच सर्वांत जवळचे लोक सर्वांत आधी सापडतात. सिएरा लिओनच्या कैलाहुन जिल्ह्यातील सोकोमा गावी एक नामांकित वैदू बाई होती. सीमेपलीकडचे रोगीही तिच्याकडे येत. ती स्वतः त्याच रोगाने गेली. स्थानिक अधिकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे, तिच्या अंत्यविधीशी ३६५ पर्यंत मृत्यूंचा संबंध जोडता येतो.

मग 'संस्कृतीच रोग पसरवते' असे म्हणायचे का? रिचर्ड्स हा प्रश्न सरळ विचारतात आणि नकार देतात. त्यांच्या मते धोका श्रद्धेत नाही, देहाला हात लावण्याच्या कृतीत आहे. आणि कृती बदलता येते. विधी मात्र वरून हुकूम काढून पुसता येत नाही, कारण त्यात नुसता शोक नसतो. तेथील खेड्यांत बाईला कोठे पुरायचे यावरून लग्नाचे देणेघेणे पुरे होते, दोन घरांचे नाते ठरते.

हे न समजल्याने काय होते ते लायबेरियात दिसले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तेथील सरकारने राजधानी मन्‍रोव्हियातील इबोलाग्रस्त मृतदेह जाळण्याचा आदेश दिला. त्यासाठी तेथील भारतीयांनी आपल्या दहनासाठी बांधलेली जागा वापरली गेली. एका समाजाचा पवित्र संस्कार दुसऱ्यावर लादला की तो शिक्षा होतो. लोक रोगी लपवू लागले, मय्यती रात्री गुपचूप पुरू लागले. डिसेंबरअखेर दफनभूमी मिळाली तेव्हा हे थांबले.

याउलट गिनीतील उदाहरण पाहावे. तेथील जंगल भागात एक गरोदर बाई गेली. पोटात मूल ठेवून पुरणे तेथील किस्सी लोकांना मान्य नव्हते, आणि शस्त्रक्रिया करणे डॉक्टरांना धोक्याचे होते. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन अनोको यांनी गावातल्या जाणत्यांना विचारून प्रायश्चित्ताचा जुना विधी शोधला. तो पार पडला आणि दफन झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेने दफनाची नवी नियमावली काढली. तीत मुस्लिम मय्यतीसाठी पाण्याच्या गुसलऐवजी तयम्मुम आणि साधे पांढरे कफन यांची सोय होती. जी सवलत शरीअतमध्ये आधीपासून आहे, ती डॉक्टरांपर्यंत पोहोचायला कित्येक महिने आणि हजारो मरणे लागली!

रिचर्ड्स यांचा मुख्य दावा असा की, कैलाहुनसारख्या आधी होरपळलेल्या भागात परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर पोहोचण्यापूर्वीच साथ उतरू लागली होती. लोक कोण कोणाला शिवले हे पाहून शिकले आणि गावोगावी स्वतःचे नियम केले. यालाच ते लोकांचे शास्त्र म्हणतात.

येथे आमची एक तक्रार आहे. सोकोमाची वैदू बाईसुद्धा लोकांचीच होती, तिच्यावरही विश्वास होता. मग लोकांचे शास्त्र कोणते आणि लोकांचा भ्रम कोणता? ही रेघ ग्रंथात पुरेशी ठळक नाही. आमच्या मते कसोटी सोपी आहे : परिणाम पाहून जे आपली कृती बदलते ते शास्त्र. दम, तावीज यांनी मनाला धीर येत असेल तर येवो. पण क्षयाच्या रोग्याच्या गोळ्या त्यासाठी बंद झाल्या तर तो धीर नव्हे, घात आहे. दुसरे असे की, ग्रंथाचा भर ग्रामीण सिएरा लिओनवर आहे. दाट वस्तीच्या शहरांना त्याचे धडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही.

तरीही हा ग्रंथ आपल्या दाराशी येतो. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म न पाहता, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि काही तासांत मागे घेतले. श्रीलंकेत मात्र अशी सक्ती २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. त्याच काळात आपल्या अनेक तरुणांनी संरक्षक पोशाख घालून मय्यती दफन केल्या, आणि ज्यांचे नातलग येऊ शकले नाहीत अशा हिंदू बांधवांचे अंत्यसंस्कारही केले.

त्यांना कोणी मानववंशशास्त्र शिकवले नव्हते. पण मान कशात आहे आणि धोका कशात, हे त्यांनी वेगळे केले. सरकारने विचारायला शिकावे, हे रिचर्ड्स सांगतात. विचारायला कोणी आले तर उत्तर तयार असावे, ही आपली जबाबदारी. मय्यतीच्या कामात फर्ज काय, रिवाज काय आणि सवलत कोठे आहे, हे मशिदीत आणि मदरशात साथ येण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे.