सांत्वन आधी, सेवा मागून: पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’चे पुनर्वाचन

‘दुसऱ्याची सेवा करा, म्हणजे तुमचे दुःख आपोआप हलके होईल’ हा उपदेश आपल्या मंडळ्यांत इतका रूढ झाला आहे की, तो शास्त्रवचनच असावा असे पुष्कळांस वाटते. पत्नी निवर्तलेल्या प्रचारकास, घरच्या आजारपणाने खचलेल्या पाळकास, एकाकी ठाण्यावर निराश झालेल्या बायबलबाईस आपण हेच सांगतो आणि लगेच त्यांच्या माथी आणखी दोन गावांच्या भेटी मारतो. या उपदेशाच्या पुष्टीसाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण हटकून दिले जाते. म्हणून त्यांची १९०७ साली प्रसिद्ध झालेली ‘साक्ष’ खरोखर असे शिकविते काय, हे पाहण्याचे आम्ही योजिले.

हे वाचन करिताना आमच्या डोळ्यांपुढे पांढुर्णा व सौंसर या भागांतील सेवक आहेत. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेला हा मराठीभाषी मुलूख आता पांढुर्णा या स्वतंत्र जिल्ह्यात मोडतो. अशा भागांत मंडळ्या लहान व विखुरलेल्या असतात. उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने व दफनविधी हे सारे एकाच माणसावर येऊन पडते. इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्य प्रांतात होता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई याच प्रांतात निराधार मुलींच्या शोधार्थ आल्या होत्या. तेव्हा त्यांची कथा येथील वाचकांस परकी नाही.

‘साक्षी’चा आरंभीचा भाग दुष्काळाने व्यापिलेला आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान गृहस्थ आपल्या कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात त्यांची अन्नान्नदशा झाली. कुलाचा व विद्येचा अभिमान असा की, मजुरी करवेना आणि भीकही मागवेना. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. मरणोन्मुख आईसाठी भाकरीचा तुकडा मागण्यास गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून लज्जेने शब्द फुटेना, हा प्रसंग वाचताना आजही मन हेलावते. पुढे १८८० साली बंधू श्रीनिवास आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या तान्ह्या मनोरमेसह विधवा झाल्या.

प्रचलित उपदेश खरा असता, तर येथून पुढची कथा सरळ झाली असती. रमाबाईंनी सेवाकार्य हाती घेतले आणि त्यांच्या मनास शांती लाभली, इतके सांगून विषय संपला असता. वस्तुतः ‘साक्ष’ असे सांगत नाही. पतिनिधनाच्या वर्षीच त्यांनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. उद्योगाची कमतरता कोठेच नव्हती. तथापि बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपले अंतःकरण रितेच होते, आपल्याला धर्म सापडला होता परंतु त्या धर्माचा प्रभू सापडला नव्हता, अशी कबुली त्या देतात. ही शांती त्यांना १८९१ च्या सुमारास लाभली, आणि ती कार्याचे फळ म्हणून नव्हे, तर कृपेचे दान म्हणून. कार्य चालू असतानाही कार्यकर्ती तहानलेली होती, हे या पुस्तकाचे सर्वांत प्रामाणिक आणि आपल्याकडून सर्वांत दुर्लक्षिलेले विधान आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. रमाबाईंच्या मनाचे दार प्रथम उघडले ते त्यांनी केलेल्या सेवेने नव्हे, तर इतरांनी केलेली सेवा पाहिल्याने. लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत. पतितेशी इतक्या प्रेमाने वागता येते, हे पाहून रमाबाई विस्मित झाल्या. याचे कारण त्यांनी विचारिले, तेव्हा शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. आधी त्यांना दया दिसली, मग त्या दयेचा उगम कळला. देण्यापूर्वी त्या घेणाऱ्या होत्या.

मग १८९६-९७ ची मध्य प्रांताची यात्रा काय दर्शविते? दुष्काळी कामांवर आणि अनाथालयांत उपाशी मुलींची होणारी विटंबना पाहून त्यांस आपला भूतकाळ आठवला. आपल्याच आईबापांचे भुकेने झालेले मरण त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, हे त्यांच्या त्या काळच्या लिखाणावरून स्पष्ट होते. म्हणजे सेवेने जखम झाकली गेली नाही. उलट ती पुन्हा उघडी पडली. परंतु आता तिच्यातून केवळ वेदना वाहत नव्हती. जी मुलगी वीस वर्षांपूर्वी भाकर मागताना लाजेने मुकी झाली होती, तिला या मुक्या मुलींची भाषा कळत होती. त्या मोहिमेत सुमारे ३०० मुली त्यांच्या आश्रयास आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार झाला. यास आत्मिक आरोग्य म्हणावयाचे असेल, तर आम्ही ते आनंदाने म्हणू. परंतु जखम नाहीशी होणे हा त्याचा अर्थ नव्हे. जखम देवाच्या हाती जाऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, हा त्याचा अर्थ आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौलानेही हाच क्रम सांगितला आहे: देव आधी आमचे सांत्वन करितो, आणि त्या सांत्वनातून आम्ही इतरांचे सांत्वन करू शकतो. याच पत्राच्या सातव्या अध्यायात, मासेदोनियात खचलेल्या पौलाचे सांत्वन देवाने तीताच्या येण्याने केले, असेही आपण वाचतो. प्रेषितालाही धीर देणारा माणूस लागला. मग आपल्या प्रचारकांस तो का लागू नये?

पांढुर्ण्याच्या वाचकांस दाखला दूर शोधावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते आणि दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात. तेथे डोके फुटलेल्या माणसास कोणी सांगत नाही की, बाबा, तू दुसऱ्याची पट्टी बांध, म्हणजे तुझे रक्त थांबेल. त्याला आधी उचलून नेतात. मंडळीत मात्र आपण हा साधा विवेक विसरतो.

‘साक्षी’त उणिवा नाहीत असे नाही. पतीच्या मृत्यूविषयी लेखिका फार थोडे बोलतात. केडगावच्या रोजच्या कामाचा शीण, सहकारी भगिनींशी झालेले मतभेद, कार्यातील अपयश यांना येथे जवळजवळ स्थान नाही. सर्वांत मोठी उणीव अशी की, ज्या मुलींसाठी हे सारे झाले त्यांचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आपल्यालाही येथे सावध राहावे लागेल. दुसऱ्याचे दुःख हे आपल्या मनाचे औषध नव्हे. आपले समाधान व्हावे म्हणून आजाऱ्याच्या खाटेशी बसणारा सेवक त्या आजाऱ्यास पाहतच नाही; तो स्वतःलाच पाहत असतो.

या उणिवा मान्य करूनही आम्ही हे छोटे पुस्तक प्रत्येक सेवकाने पुन्हा वाचावे असे म्हणतो. मात्र ते दमलेल्यास हाकण्यासाठी वापरू नये. पुढील वेळी एखादा प्रचारक शोकाकुल होऊन आपल्या दारी येईल, तेव्हा त्यास नवे काम देण्यापूर्वी आपण त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि शक्य असल्यास त्याच्या वाट्याची एक रविवारची उपासना स्वतः घ्यावी. त्याची सेवा त्याला पुन्हा हाक देईल. तोपर्यंत त्याचा तीत होणे, हीच आपली सेवा होय.