तारेतला बर्फ

या हिवाळ्यातल्या पुष्पप्रदर्शनांत बोन्सायच्या टेबलापाशी थांबलेल्या माणसाला एक गोष्ट खटकायला हवी होती. बहुधा कुणालाच खटकली नाही. झाड वडाचं, आकार स्प्रूसचा. शेंडा टोकदार, सगळ्यांत खालची फांदी सगळ्यांत लांब, वर जाईल तशा फांद्या आखूड, आणि प्रत्येक फांदी खोडातून निघाल्या निघाल्या जमिनीकडे ओढलेली. पानांचे सपाट थर एकावर एक रचलेले. खोडावर साल सोलून पांढरी केलेली एक पट्टी. अशा झाडाला हमखास बक्षीस मिळतं, कारण परीक्षकांच्या हातातल्या गुणपत्रिकेत हेच लिहिलेलं असतं. माझं भांडण त्या गुणपत्रिकेशी आहे.

स्प्रूस हे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड. त्याच्या फांद्या खाली का झुकतात? बर्फामुळे. सहा-सहा महिने फांदीवर बर्फ साचतो, वजनाने ती वाकते, वसंतात थोडी सावरते, पुन्हा वाकते. असं शंभर वर्षं झालं की ती कायमची उतरती होते. उतरत्या फांद्यांमुळे बर्फ घसरून पडतो आणि झाड वाचतं. टोकदार शेंडाही त्याच कारणाने कामाचा. बोन्सायवाला कोवळ्या स्प्रूसला तार गुंडाळतो आणि फांदी खाली खेचतो, तेव्हा ती तार बर्फाचं काम करत असते, शंभर हिवाळे दोन-तीन वर्षांत उरकत असते. म्हणून ती खोटी वाटत नाही. धार, देवास, पुणे, नाशिक इथे वडाला गुंडाळलेली तार कुणाचं काम करते? या एका प्रश्नाचं उत्तर मागायचं म्हणून हा लेख.

स्प्रूसवर उत्तम काम कुणी केलं हे वाचकांना सांगायला नको. साबुरो काटो (1915–2008) यांची जपानमधल्या ओमियातली एझो स्प्रूसची वनं आणि खडकावर बसवलेली झाडं पाहिली, निदान फोटोत पाहिली, की कळतं की त्यांनी झाडाला वळवण्याआधी झाडाची जागा समजून घेतली होती. एझो स्प्रूस होक्काइडो-कुनाशिरच्या दलदलीतलं. थंडी कडक, माती आंबट आणि भिजलेली, वाढ मुंगीच्या पावलांनी. खालच्या फांद्या शेवाळ्यात दबतात आणि तिथेच मुळं धरतात, एका झाडाची राई होते. काटोंची राई तिथून आली, पुस्तकातल्या नियमातून नाही.

स्प्रूसवरचं कामही बघण्यासारखं असतं. वसंतात तपकिरी टोपी झुगारून कोवळा फुटवा बाहेर येतो. तो लांबू लागला की चिमटीत धरून अर्धा-अधिक खुडायचा, सुया राखून. सगळे एकदम खुडायचे नाहीत. शेंड्याकडचे जोरदार आधी आणि जास्त, खालचे कमजोर नंतर आणि कमी, कारण झाडाचा सगळा जोर वर धावतो. जुन्या उघड्या लाकडावर स्प्रूस सहसा नवा डोळा फोडत नाही, त्यामुळे हिरवं संपलं तिथे फांदी संपली. चूक सुधारायला जागा नाही. तार झाड झोपलेलं असताना घालायची. फांदी लवचीक असते, पण हट्टीही असते. काढली तार की उठली फांदी, म्हणून तार दीड-दोन वर्षं ठेवतात, साल चावण्याआधी सोडतात, पुन्हा घालतात. मुळं बारीक, वरवर पसरलेली. ती धुऊन उघडी करणं म्हणजे झाड मारणं. थोडक्यात, मागे फूट न देणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या, थंड प्रदेशातल्या झाडासाठी तार हा नाइलाज आहे, आणि त्या नाइलाजातून एक थोर कला उभी राहिली. ऑस्ट्रियाचे वाल्टर पाल यांनी आल्प्समधले स्प्रूस घेऊन त्याच कलेला आणखी मोकळं केलं. सपाट थर विस्कटले, मोडक्या फांद्या तशाच ठेवल्या, आणि झाड बोन्सायसारखं दिसण्याऐवजी डोंगरातल्या झाडासारखं दिसू लागलं. त्यांनीही आधी आपलाच डोंगर पाहिला.

आता आपल्याकडे. मॉलमध्ये मिळणारं गाठाळ मुळांचं फायकस आणि त्यासोबतचं वास्तुशास्त्र हा नर्सरीचा धंदा आहे, त्यावर कलेच्या लेखात शब्द घालवायचे नाहीत. जेडची गोलमटोल झाडं सुंदर असतात आणि एकसारखी असतात. वामनवृक्षांची कला आपल्याच ऋषींनी जगाला दिली, असं सांगणाऱ्यांनी ऋषींऐवजी एखादं झाड दाखवावं. चिनी जुनिपर आणून उन्हाळ्यात शेडनेटखाली फवारे मारत जगवणारी मंडळी चिकाटीची आहेत, पण चिकाटी ही समीक्षेची कसोटी नाही. हिमालयातली रई, म्हणजे आपल्या देशातलाच स्प्रूस, दोन-तीन हजार मीटर उंचीवर राहते. तिला कुंडीत घालून दख्खनवर किंवा माळव्यात आणणाऱ्यांनी तिची आधी क्षमा मागावी. 2018 च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे प्रदर्शन झालं. जगभरचे कलावंत आले, आपल्याकडची झाडं हजारांनी मांडली गेली, आणि या कलेला इथे केवढा मोठा वर्ग आहे ते दिसलं. वर्ग आहे, कौशल्यही आहे. नजर मात्र अजून उसनी आहे.

वडाच्या कुळाला तार लावली की काय होतं ते जवळून पाहावं. पावसाळ्यात वड, पिंपळ, उंबर, पिंपरी अशी जोमाने फुगतात की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. चार दिवस गावाला गेलात तर परत येईपर्यंत खोडावर स्क्रूसारखे वळे उमटलेले असतात, आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. प्रदर्शनात शेवाळ लावून, पानं पुढे आणून ते झाकतात. उलट हेच झाड कुठेही कापा, चीक थांबला की पंधरवड्यात उघड्या लाकडातून डोळे फुटतात. स्प्रूसला जे सहसा जमत नाही ते आपल्या झाडांना फुकट जमतं. एक फांदी वाढू द्यायची, हवी तेवढी जाड झाली की हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर कापायची, पुढची फूट वाढू द्यायची, पुन्हा कापायची. दर कापाला दिशा बदलते, जाडी उतरत जाते, आणि कुठेही तारेचा व्रण नाही. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेने उष्ण हवेतल्या झाडांवर हेच केलं, कात्रीवर सगळी कला उभी केली. आपण मात्र उष्ण देशात राहून थंड देशाचं हत्यार उचललं.

आणि तार लावून वडाची फांदी खाली ओढायची, म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून मिरवायचं. वडाच्या फांद्या आडव्या जातात, दूर जातात, आणि जड झाल्या की पारंबी सोडून स्वतःला आधार देतात. वडाचं म्हातारपण उतरत्या फांदीत दिसत नाही, पसाऱ्यात दिसतं. सोललेल्या पांढऱ्या लाकडाचंही तसंच. जुनिपरचं राळेचं लाकूड कोरड्या थंडीत शतकभर टिकतं. वडाचं लाकूड मऊ, दोन पावसाळ्यांत कुजतं, उरलेलं वाळवी नेते. त्यावर चुना-गंधकाचं पाणी लावत बसायचं, ते कशासाठी? जिथे मेलेलं लाकूड टिकतच नाही, तिथे ते वयाची खूण कसं होईल?

मुळांबद्दल तर आपल्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती. स्प्रूसच्या कुंडीत मुळांचा चारी बाजूंनी सारखा, चपटा फैलाव हवा, हा नियम उत्तरेकडच्या जंगलातल्या पातळ मातीला शोभतो. तो आपण जसाच्या तसा उचलला आणि पिंपळाची मुळं ताटलीसारखी पसरवत बसलो. पण पिंपळाची मुळं तुम्ही कुठे पाहता? मांडूच्या पडक्या भिंतींवर, धारच्या किल्ल्याच्या तटाच्या सांध्यांत, कोकणातल्या जुन्या विहिरीच्या काठावर. दगडातून वाट काढत ती खाली येतात, चिरा फोडतात, मग तोच चिरा धरून ठेवतात. पाडणारा आणि सावरणारा एकच. खडकावर बसवलेलं झाड आपल्याकडे हवं तर ते काटोंच्या कड्यासारखं असण्याचं कारण नाही. ते घडीव चिऱ्यावर, विटेवर, चुन्याच्या गिलाव्यावर असायला हवं. दोन-तीन वर्षं उंच, अरुंद डब्यात दगडाभोवती मुळं उतरवायची, मग डबा वरून थोडा थोडा कापत माती काढायची, मुळं उन्हात यायला लागली की साल धरतात, जाड होतात. पारंब्यांचंही तसंच. पावसाळ्यात झाडाभोवती दमट हवा कोंडली की फांदीतून लाल धागे लोंबतात. ते नळीतून मातीपर्यंत पोचवले की वर्षभरात खांब होतात. हे आपल्याकडे कितीतरी जणांना उत्तम येतं. प्रदर्शनाला पाठवताना मात्र त्याच पारंब्या छाटल्या जातात, कारण परीक्षकाला खोडाची एकच स्वच्छ रेषा हवी असते.

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, डहीकडे, नर्मदेच्या बाजूला उतरा. भिल-भिलालांच्या वस्त्या, टेकड्या, ताड, मोह, पळस. इथे झाडाला आकार कोण देतं? बकरी देते. बोर आणि करवंद ती इतक्या वेळा खुडते की झुडूप दगडाला चिकटून, हाताएवढ्या जाड बुंध्यानिशी गुडघ्याएवढंच राहतं. कुऱ्हाड देते. निमाडात आणि खानदेशात अंजनाचा पाला चाऱ्याला काढतात. दरवर्षी त्याच जागी फांदी छाटली की तिथे मुठीएवढी गाठ धरते, त्या गाठीतून पुन्हा काटक्या फुटतात, पुन्हा छाटल्या जातात. जाड खोड, गाठी, त्यावर कोवळी दाटी. आठ महिन्यांचा कोरडा काळ आकार देतो, वणवा देतो. हाच आपला बर्फ. यातलं काहीही करायला तार लागत नाही; कात्री लागते आणि थांबता येणं लागतं.

आणि मांडूची गोरखचिंच. सुलतान महमूद खिलजीच्या काळात मिसरच्या खलिफाकडून तिचं बी आलं असं सांगतात; कुठूनही आलेली असो, आज ती धारची आहे. तिचं मखमली सालीचं फळ मांडूच्या रस्त्याकडेला विकायला असतं. पाण्याने फुगलेलं पिंपासारखं खोड, वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण, आणि खोडाच्या मानाने आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. हे झाड बोन्सायला जणू स्वतःहून तयार आहे. बी गरम पाण्यात भिजवून रुजवावं, रोप पहिल्या दोन-तीन वर्षांतच बुंध्याशी फुगतं, पानं झडली की पाणी जवळजवळ तोडावं, नाहीतर मूळ सडतं. लाकूड इतकं मऊ की तार लगेच रुतते. म्हणजे तारेला ते स्वतःच नकार देतं. दक्षिण आफ्रिकेत चार्ल्स सेरोनिओ यांनी गोरखचिंचेची, माथा सपाट असणाऱ्या बाभळीची, पिअरनीफ या चित्रकाराच्या चित्रांतल्या झाडांची अशा स्वतंत्र शैलीच मांडल्या, आणि 1999 च्या पुस्तकात त्या जपानी शैलींच्या बरोबरीने बसवल्या. त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. आपल्याकडे मांडू आहे, तरी आपल्या प्रदर्शनांत गोरखचिंच दिसते ती ‘इतर’ या खान्यात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जपानी शिस्त हे व्याकरण आहे, आधी व्याकरण शिका, मग कविता करा. मान्य, व्याकरण हवं. पण हे व्याकरण कोणत्या भाषेचं? ‘खालच्या तिसऱ्या भागात पहिली फांदी’ हा नियम सूचिपर्णी झाडाचा आहे. तो चिंचेला लावला तर चिंच चुकीची ठरते, आणि चिंच चुकीची ठरत असेल तर नियम चुकीचा आहे. दुसरं उत्तर येतं: तारेमुळे वेळ वाचतो. वाचतो, आणि म्हणूनच दहा वर्षांच्या झाडांचे आकार इतके सारखे दिसतात. तिसरं उत्तर सगळ्यांत प्रामाणिक: परदेशी परीक्षक असतील तर त्यांना हेच ओळखीचं वाटतं. पण परदेशी परीक्षकाने स्प्रूस आयुष्यभर पाहिलेला असतो. त्याला वडाचा नकली स्प्रूस दाखवून आपण काय मिळवतो? सौजन्याची टाळी.

इथे एक जण नेहमी कोकणातलं सुरू पुढे करतो. सुरूच्या फांद्या सुईसारख्या आहेत, किनाऱ्यावरच्या वाऱ्याने ते एका बाजूला झुकलेलं असतं, मग त्याला तार चालते की नाही? चालते. तिथे तार वाऱ्याचं काम करते आणि तो वारा खरा आहे. माझं म्हणणं तार फेकून द्या असं नाहीच. तिच्यामागे इथल्या हवेचं, इथल्या जनावराचं, इथल्या हाताचं बळ दाखवता येत नसेल, तर ती काढा.

सूचिपर्णींच्या देशांतून आपण आणखी एक गोष्ट उचलली, ती मात्र शिस्त नाही, हाव आहे: रानातलं जुनं झाड उपटून आणायचं. मांडूच्या परिसरातल्या मोठ्या गोरखचिंची मुळासकट काढून हैदराबादकडच्या खाजगी बागेत न्यायचा प्रकार काही वर्षांपूर्वी झाला. गावकरी उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. ती झाडं बोन्साय नव्हती, पण वृत्ती तीच: म्हातारं झाड विकत घेता येतं. जुन्या वाड्याच्या भिंतीतला, उद्या पाडकामात जाणारा पिंपळ सोडवून आणणं वेगळं आणि टेकडीवरचं शंभर वर्षांचं करवंद रातोरात खणून आणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं झाड ज्या टेबलावर आहे, त्या टेबलाला बक्षीस देणाऱ्यांनी ‘निसर्गप्रेम’ हा शब्द त्या दिवसापुरता तरी वापरू नये.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांनी पुढच्या हंगामात देशी झाडांचा एक गट काढावा: झाड बियापासून, कलमापासून किंवा पाडकामातून आलेलं असावं, त्याचा पूर्वेतिहास पाटीवर लिहावा, आणि तारेचा व्रण दिसला तर गुण कापावेत. पारंबी ठेवल्याबद्दल गुण द्यावेत. परीक्षकांमध्ये निदान एक माणूस असा असावा ज्याला अंजन, मोह आणि गोरखचिंच दुरून ओळखता येते. पहिली काही वर्षं झाडं कुरूप येतील, गटात मोजकीच येतील, लोक हसतील. येऊ द्या, हसू द्या. दुसऱ्याच्या बर्फाखाली वाकलेल्या शंभर सुबक वडांपेक्षा बकरीने खाल्लेल्यासारखं दिसणारं एक बोरीचं झाड मला पुरे आहे, कारण त्यावर निदान वाद घालता येईल. त्या वडांवर घालण्याजोगा वाद ओमियात कधीच संपला.